ओवाळणी आणि हक्कसोड

2024 साली रक्षाबंधन 19 ऑगस्टला होते. त्याच्या आधीच्या चार-पाच दिवसांत महाराष्ट्रातील असंख्य स्त्रियांच्या बँक खात्यांत जुलै आणि ऑगस्ट अशा दोन महिन्यांचे मिळून 3000 रुपये जमा झाले. मुहूर्त योगायोगाने साधला गेला, असा कोणाचाच दावा नव्हता. ही भावाची ओवाळणी आहे, असेच व्यासपीठांवरून सांगितले गेले आणि योजनेचे नावही तेच सांगत होते : मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण. वय 21 ते 65, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, दरमहा 1500 रुपये. जून 2024च्या अर्थसंकल्पात घोषणा करताना वर्षाला 46 हजार कोटी रुपयांची तरतूद सांगितली गेली. नोव्हेंबरातील विधानसभा निवडणुकीपर्यंत सत्ताधारी 2100 रुपयांचे, तर विरोधक 3000 रुपयांचे आश्वासन देऊ लागले होते.

या योजनेवर मराठीत जी चर्चा झाली, ती बहुतेक दोनच बाजूंची होती. एक बाजू तिजोरीचा हिशेब मांडून याला खिरापत म्हणत होती, तर दुसरी बाजू याला महिला सक्षमीकरण म्हणत होती. दोन्ही बाजू रकमेबद्दल बोलत होत्या. ही रक्कम स्त्रीला कोणत्या नात्याने मिळते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. बहीण म्हणून, कोणाची तरी पत्नी म्हणून, काम करणारी म्हणून की नागरिक म्हणून? स्त्रीवाद हा शब्द आपण एकवचनात वापरतो खरा, पण या एका प्रश्नावर त्याच्या निरनिराळ्या प्रवाहांची उत्तरे इतकी वेगळी आहेत की, ती शेजारी ठेवून पाहिल्यावर समाज, राजकारण आणि अर्थकारण यांची प्रत्येकाची कल्पनाच वेगळी असल्याचे ध्यानात येते. माझे म्हणणे असे की, या योजनेतील खरी मेख रकमेत नसून ‘बहीण’ या शब्दात आहे.

मराठी समाजात बहीण म्हणजे काय, हे केवळ जात्यावरच्या ओव्यांत शोधून चालणार नाही. ते तलाठ्याच्या आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातही पाहावे लागते. वडील वारल्यावर सातबाऱ्यावर वारसांची नावे लागतात, त्यांत बहिणींचीही नावे येतात, आणि मग काही महिन्यांत, कधी काही दिवसांत, बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात. बदल्यात माहेरचा दरवाजा उघडा राहतो, दिवाळीला साडीचोळी होते, भाऊबीजेच्या ताटात काही रक्कम पडते. कोणी धमकावलेलेच असते असे नाही. पुष्कळदा बहीण स्वतःहून सही करते आणि तसे केल्याचे तिला समाधानही असते. म्हणजे आपल्या मालमत्ता-व्यवहारात बहीण ही हक्क सोडणारी व्यक्ती आहे आणि ओवाळणी हे त्या सोडलेल्या हक्काचे सोज्ज्वळ रूप आहे. राज्यसंस्था स्त्रीला बहीण म्हणू लागते तेव्हा हा सगळा व्यवहार त्या शब्दाबरोबर आत येतो.

उदारमतवादी स्त्रीवादाला हे चित्र नवे नाही, आणि त्याने त्यावर केलेले काम कमी लेखण्याची जी फॅशन आहे ती मला मान्य नाही. व्यक्ती हे समाजाचे एकक, कायद्यापुढे समानता, शिक्षण आणि संधी यांतील अडसर दूर करणे हे राज्याचे काम, अशी या प्रवाहाची मांडणी आहे. हिंदू कोड बिलाचा आग्रह धरणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1951 साली मंत्रिपद सोडले, त्या राजीनाम्याच्या कारणांत हे बिल रखडणे हे एक महत्त्वाचे कारण होते. महाराष्ट्राने 1994 साली स्वतःचे महिला धोरण जाहीर केले आणि त्याच वर्षी वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत सहदायाद, म्हणजे मुलांच्या बरोबरीच्या वाटेकरी, केले. देशाला तिथे पोहोचायला 2005 उजाडले. 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मानेच मिळतो, 2005 साली वडील हयात असण्याची अट नाही, असा निर्वाळा दिला. कायद्याच्या बाजूने काही उरलेच नाही, असे म्हणावे इतके हे पूर्ण आहे. तरीही हक्कसोडपत्रे थांबलेली नाहीत, कारण ज्या स्त्रीला नवऱ्याने टाकले तर परतायला माहेराखेरीज जागा नाही, तिच्या दृष्टीने माहेर हाच विमा असतो आणि त्या विम्याचा हप्ता म्हणजे तिचा वाटा. व्यक्तीला हक्क दिला की ती तो वापरील, हे गृहीतक इथे अडखळते. लाडकी बहीण योजनेकडे हा प्रवाह दोन मनांनी पाहतो. पैसे थेट तिच्या नावाच्या खात्यात येतात, मधे नवरा नाही, सासरा नाही, हे त्याला मोलाचे वाटते, आणि ते मोलाचे आहेच. कमावण्याची संधी वाढवण्याऐवजी अनुदानावर भागवले जाते, ही त्याची तक्रारही तितकीच रास्त आहे.

मालमत्तेच्या प्रश्नावर महाराष्ट्रात एक वेगळाच प्रयोग होऊन गेला. स्त्रीवादाच्या इतिहासात त्याची नोंद थोडीशी नाइलाजानेच घेतली जाते, कारण तो शेतकरी संघटनेने, म्हणजे खुल्या बाजाराचा पुरस्कार करणाऱ्या चळवळीने केला. नोव्हेंबर 1986 मध्ये नाशिक जिल्ह्यातील चांदवडला संघटनेने शेतकरी महिलांचे अधिवेशन भरवले. त्यानंतर संघटनेचे नेते शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम मांडला : ज्या गावात किमान शंभर शेतकरी आपल्या जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करतील ते गाव लक्ष्मीमुक्त. शेतकऱ्याला मालाचा भाव नाकारून समाज त्याच्यावर जो अन्याय करतो, तोच शेतकरी घरात लक्ष्मीवर करतो. तेव्हा स्वतःसाठी न्याय मागायचा तर आधी हे कर्ज फेडले पाहिजे, असा त्यामागचा युक्तिवाद होता. डाव्या स्त्रियांनी तेव्हा या कार्यक्रमावर नाके मुरडली, आणि त्यांच्या शंका सर्वस्वी निराधार नव्हत्या. तरीही स्त्रीच्या श्रमाची परतफेड म्हणून, उपकार म्हणून नव्हे, जमीन द्यायची हे सूत्र त्या काळात इतक्या गावांपर्यंत दुसऱ्या कोणी नेले नाही. 1992 साली शासनानेही लक्ष्मीमुक्ती याच नावाने परिपत्रक काढून पतीच्या अर्जावर पत्नीचे नाव सातबाऱ्यात सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय केली. खोट आहे ती ‘पतीच्या अर्जावर’ या शब्दांत. चळवळीने ज्याला कर्जफेड म्हटले होते, ते कागदावर उतरताना पुन्हा पतीच्या मर्जीवर आले.

मार्क्सवादी आणि समाजवादी स्त्रीवादाचा प्रश्न इथून सुरू होतो. हा प्रवाह व्यक्तीपेक्षा श्रमाकडे पाहतो. कारखान्यात दिसणारे काम हे एकूण कामाचे एक टोक आहे. कामगार रोज सकाळी जेवून, धुतलेले कपडे घालून, रात्रीची झोप घेऊन कामावर हजर होतो, यासाठी घरात जे श्रम होतात त्यांचे मोल कोणीच चुकते करीत नाही, आणि ते चुकते न करण्यावरच मजुरीचे दर टिकून असतात, असे हे विश्लेषण सांगते. केंद्र सरकारच्या 2019च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटे खर्च करतात आणि घरकाम करणारे पुरुष 97, असे आढळले होते. 2024च्या सर्वेक्षणात हे आकडे 289 आणि 88 झाले. या हिशेबाने महिन्याचे 1500 रुपये घरकामाच्या तासांवर विभागले तर तासाला जेमतेम 10 रुपये पडतात. अर्थात सरकारने ही मजुरी आहे असे कुठेच म्हटलेले नाही, आणि मुद्दा नेमका तोच आहे. मजुरी म्हटली असती तर ती कमी आहे असे म्हणता आले असते. ओवाळणीच्या ताटात किती पडले यावर बहिणीने कुरकुर करायची नसते.

1972 साली इटलीतील पादुआ शहरातून घरकामाला वेतन मागणारी मोहीम सुरू झाली तेव्हा मारियारोसा दाला कोस्ता, सेल्मा जेम्स आणि सिल्व्हिया फेडेरिची यांचा रोख रकमेवर कमी आणि नाव देण्यावर जास्त होता. घरकाम हे काम आहे असे ठरले की ते नाकारताही येते. निसर्गदत्त प्रेम नाकारता येत नाही, असा तो विचार होता. यावर अमेरिकन विचारवंत अँजेला डेव्हिस यांनी 1981 साली घेतलेला आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रिया पिढ्यानपिढ्या दुसऱ्यांच्या घरी पैसे घेऊन घरकाम करीतच आल्या आहेत, त्या पैशाने त्या मुक्त झाल्या नाहीत. तेव्हा घरकामाला वेतन देऊन ते स्त्रीच्या गळ्यात पक्के बांधण्याऐवजी पाळणाघरे, सार्वजनिक भोजनालये अशा मार्गांनी त्याचा भार समाजाने उचलला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते.

आपल्याकडे हे विश्लेषण किती चपखल बसते, ते पाहायला ऊसतोडीच्या फडात जावे. बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या भागांतून दिवाळीनंतर जी लाखो माणसे ऊस तोडायला बाहेर पडतात, त्यांची मोजणी माणसांत होत नाही, कोयत्यांत होते. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, मुकादमाकडून नवरा घेतो, हिशेब त्याच्याशी होतो, फेडायला दोघेही राबतात. ती ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन ट्रकवर चढवते, त्याआधी पहाटे उठून भाकऱ्या थापते आणि पाणी भरते. अर्थव्यवस्थेच्या दृष्टीने ती अर्धा कोयता आहे. तिच्या नावाची मजुरी अशी वस्तूच अस्तित्वात नाही. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी आंध्रातील नरसापूरच्या लेस विणणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास करून दाखवले होते की, दिवसाचे सहा-आठ तास निर्यातीचा माल विणणाऱ्या या बायकांना ‘रिकाम्या वेळात विणणाऱ्या गृहिणी’ म्हटल्यामुळेच त्यांना इतकी कमी मजुरी देणे शक्य होते. नात्याचे नाव दिले की श्रम झाकले जातात. अंगणवाडी सेविकेला मिळते ते वेतन नव्हे, मानधन, हाही त्यातलाच प्रकार. डिसेंबर 2023 मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी कर्मचारी वेतनश्रेणी आणि ग्रॅच्युइटीसाठी संपावर गेल्या, तो संप जानेवारी संपत येईपर्यंत चालला. आणि सहा महिन्यांनी लाडक्या बहिणींचे अर्ज भरून घ्यायला सरकारला त्याच आठवल्या, अर्जामागे 50 रुपये प्रोत्साहन भत्त्यावर.

मात्र एका बाबतीत या प्रवाहाची चूक झाली, आणि मीही ती बराच काळ करीत होते. रोख रक्कम म्हणजे संघर्ष बोथट करण्याची युक्ती, एवढेच आम्ही म्हणत राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा कोणालाही न विचारता खर्च करता येईल असा पैसा हातात येणे ही ज्या स्त्रीसाठी घटना आहे, तिला हे विश्लेषण ऐकवणे उद्धटपणाचे आहे. कष्टकरी स्त्रियांना तो पैसा हवा आहे आणि त्यांना तो का हवा आहे हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले कळते.

जहाल स्त्रीवादाला हे सगळे अपुरे वाटते, कारण त्याच्या मते मूळ सत्तासंबंध बाजारात किंवा विधिमंडळात नाही, कुटुंबातच आहे. कुटुंब हे वाटून खाण्याचे ठिकाण आहे, ही अर्थशास्त्राची आणि सरकारची समजूत हा प्रवाह नाकारतो. ते हुकमतीचे ठिकाण आहे, तिथे स्त्रीचे शरीर, तिची कूस आणि तिचा वेळ यांवर दुसऱ्याचा ताबा असतो, असे तो म्हणतो. अतिशयोक्ती वाटते, पण योजनेचे नियम वाचले की ती वाटेनाशी होते. उत्पन्नाची मर्यादा कुटुंबाची आहे. स्त्रीच्या हाती काही येत नसले तरी नवऱ्याच्या उत्पन्नावरून ती अपात्र ठरते. विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता अशा नवऱ्याशी असलेल्या संबंधांवरून लाभार्थींची वर्गवारी आहे आणि अविवाहित स्त्री कुटुंबात एकच चालते. सप्टेंबर 2025 मध्ये ई-केवायसी सक्तीचे झाले तेव्हा स्त्रीच्या आधारबरोबर पतीच्या किंवा वडिलांच्या आधारचीही पडताळणी मागितली गेली. टाकलेल्या बायकांनी तो आधार क्रमांक कोणाकडे मागायचा? सांगली-साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यात 1980च्या दशकात परित्यक्तांनी मोर्चे काढून रेशनकार्ड आणि घरजागा स्वतःच्या नावाने मागितली होती. चाळीस वर्षांनी सरकारी संकेतस्थळ पुन्हा त्याच जागी येऊन थांबले. विधवा आणि घटस्फोटितांसाठी पुढे वेगळी वाट काढावी लागली, याचा अर्थ आधी ती कोणाला सुचली नव्हती. या प्रवाहाची मर्यादाही इथेच आहे : सत्तेचे मूळ तो अचूक दाखवतो, पण राज्याकडून काय मागायचे हे त्याला क्वचितच सांगता येते, कारण राज्यही त्याला पुरुषाचेच विस्तारलेले रूप वाटते.

हक्कसोडपत्राबद्दल मी वर जे लिहिले, त्यात एक गृहीतक दडलेले आहे, आणि ते उघड करण्याचे श्रेय दलित स्त्रीवादाचे. हक्क सोडायला आधी जमीन असावी लागते. महाराष्ट्रातील बहुसंख्य दलित कुटुंबांकडे सोडण्याजोगे काही नव्हतेच. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 साली आणि पुन्हा 1964-65 साली झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांत मुलाबाळांसह तुरुंगात गेलेल्या बाया भावाच्या वाट्यातला हिस्सा मागत नव्हत्या, गायरान आणि पडीक जमीन मागत होत्या. माहेरच्या प्रेमापोटी जमीन सोडणारी बहीण ही मुख्यतः जमीनधारक जातींतील स्त्री आहे. तिचे दुःख खरे आहे, पण ते ‘स्त्रीचे दुःख’ म्हणून सरसकट मांडले की तिच्याच शेतात निंदणीला येणारी बाई चित्रातून गळते. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा इतिहास गोळा केला, शर्मिला रेगे यांनी 1990च्या दशकात दलित स्त्रीच्या भूमिदृष्टीची, म्हणजे तिच्या जागेवरून जग पाहण्याची, सैद्धान्तिक मांडणी केली, तेव्हापासून जात ही स्त्रीप्रश्नाला जोडलेली पुरवणी नसून त्याच्या रचनेचाच भाग आहे, हे नाकारणे कोणालाही शक्य राहिलेले नाही. अँजेला डेव्हिस यांचा आक्षेपही इथे लागू पडतो. शहरातील शिकलेली स्त्री घराबाहेर पडली ती धुणीभांडी करायला आलेल्या दुसऱ्या स्त्रीच्या आधारावर, आणि त्या दुसरीसाठी महाराष्ट्राने 2008 साली घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा केला तरी किमान वेतन आणि साप्ताहिक सुट्टी या गोष्टी अजून मालकिणीच्या भलेपणावरच अवलंबून आहेत.

याच परंपरेत एक धागा आहे, जो मला या चर्चेत सर्वांत उपयोगी वाटतो. 1928 साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना डॉ. आंबेडकरांनी मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याच्या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा, असे म्हटले होते. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांताने तो कायदा केला. इथे राज्य भाऊ म्हणून काही देत नाही. स्त्री जे काम समाजासाठी करते त्याचा खर्च राज्य समाजाच्या वतीने चुकता करते.

आता राजकारणाकडे. 1972च्या दुष्काळात आणि त्यानंतरच्या महागाईत मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. समाजवादी मृणाल गोरे, मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर आणि इतर पक्षांतल्या स्त्रिया त्यात एकत्र होत्या. हातात लाटणी आणि थाळ्या घेऊन निघालेल्या त्या मोर्च्यांत गृहिणी मागणी करणारी होती. तेल, साखर, रॉकेल कोणत्या भावाने मिळाले पाहिजे हे ती सांगत होती. त्याच दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि 1977 साली तिचा कायदा झाला : मागेल त्याला काम, नाही दिले तर बेकारभत्ता, स्त्री-पुरुषांना समान मजुरी, कामावर पाळणाघर. अंमलबजावणीत कितीही भोके असोत, काम न मिळालेली बाई तहसीलदाराला जाब विचारू शकत होती, कारण तिच्या हातात कायद्याचे कलम होते. लाडक्या बहिणीच्या हातात शासन निर्णय आहे. पडताळणीत तिचे नाव गळले तर तिने विनंती करायची, हप्ता लांबला तर वाट पाहायची. मागणाऱ्या स्त्रीची लाभार्थी स्त्री झाली आहे, आणि ग्रामपंचायतीत निम्म्या जागा राखीव असलेल्या राज्यात हे घडले आहे. स्त्रियांच्या मतांना कधी नव्हे इतकी किंमत आली तेव्हाच त्यांच्या संघटनांची किंमत उतरली, ही गोष्ट मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त अस्वस्थ करते.

दुसरे शब्द निवडता आले असते. गोव्याने 2012 मध्येच गृह आधार योजना आणली, ती महागाईचा भार सोसणाऱ्या गृहिणीसाठी; तिथे निदान घर सांभाळणारी म्हणून स्त्रीची ओळख आहे. तमिळनाडूने सप्टेंबर 2023 मध्ये सुरू केलेल्या हजार रुपयांच्या योजनेच्या नावातच ‘उरिमै’, म्हणजे हक्क, हा शब्द आहे, आणि स्त्रियांच्या बिनमोल घरकामाची दखल असे तिचे समर्थन तिथल्या सरकारने केले. उत्पन्नाच्या अटी तिथेही आहेत, राजकारण तिथेही आहे. पण हक्क म्हटल्यावर त्याच्यासाठी भांडता येते.

म्हणून माझा आग्रह योजना बंद करण्याचा नाही. तिचा कायदा व्हावा, रोजगार हमीचा झाला तसा. पात्रता स्त्रीच्या स्वतःच्या उत्पन्नावर ठरावी आणि पतीच्या आधारची अट कायमची जावी. अंगणवाडी सेविकांना वेतनश्रेणी मिळावी आणि ऊसतोडीत कोयत्याऐवजी माणूस मोजला जाऊन तिच्या हिश्श्याची उचल आणि मजुरी तिच्या खात्यात जावी. शेवटच्या गोष्टीला साखर कारखानदारांचा विरोध होईल, आणि ते कोणत्या पक्षात आहेत याने फरक पडणार नाही. याखेरीज दोन गोष्टी अशा आहेत की, ज्यांना तिजोरीतून जवळजवळ काहीच लागत नाही. 1992च्या परिपत्रकातील पतीच्या अर्जाची अट काढून पत्नीच्या अर्जावर तिचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची तरतूद कायद्यात आणता येईल. आणि हक्कसोडपत्राची नोंदणी करताना दुय्यम निबंधकाने बहिणीला भावांपासून वेगळे, एकटीला बसवून, ती सोडत असलेल्या वाट्याचे बाजारमूल्य रुपयांत वाचून दाखवावे आणि मगच तिची सही घ्यावी. गटनिहाय दरांचे तक्ते त्याच कार्यालयात असतात.